अंतराळप्रवासातील नेत्ररक्षण आणि आपले पेण-रोह्याचे रुग्ण

अंतराळप्रवासात होणारे नेत्रविकार हा विषय पेण-रोह्याच्या वैद्यबंधूंना फार दूरचा वाटेल. तथापि त्याचा विचार करता आपल्या नित्याच्या रुग्णांविषयी बरेच काही हाती लागते, असे आम्हांस वाटते.

भारहीन अवस्थेत शरीरातील द्रव शिरोभागाकडे सरकतो. सुमारे सहा महिने अंतराळात राहिलेल्या सात अंतराळवीरांच्या नेत्रतपासणीचा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींच्या दृष्टिनाडीच्या मुखाशी शोथ, तर काहींच्या नेत्रगोलकाची मागील बाजू चपटी झालेली आढळली. गोलक असा चपटा झाला की जवळचे अक्षर अस्पष्ट होते. म्हणून चाळिशीपुढील अंतराळवीरांस अधिक क्रमांकाचे चष्मे आधीच सोबत दिले जातात. या अवस्थेस कफज विकार म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. परंतु तेवढ्यावरून एखादा योग सुचविणे धाडसाचे ठरेल.

पेण, हमरापूर, जोहे येथील मूर्तिकारांचे कारण निराळे, तक्रार मात्र तीच. चाळिशीनंतर नेत्रातील भिंगाची लवचिकता घटते आणि गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना बारीक रेषा दिसेनाशी होते. असा कारागीर दुकानात येऊन थेंब मागतो. औषधविक्रेत्यांनी त्यास चष्म्याच्या तपासणीसाठी धाडावे.

रोह्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एप्रिल २००१ मध्ये यानाबाहेर काम करीत असता क्रिस हॅडफिल्ड यांच्या डाव्या डोळ्यात, शिरस्त्राणाच्या काचेवर धुके धरू नये म्हणून लावलेले द्रावण गेले. अश्रू आले, पण ओघळेनात. साचून दुसऱ्या डोळ्यात पसरले आणि काही काळ त्यांना काहीच दिसेना. शिरस्त्राणात डोळा धुण्याची सोय कुठली?

धाटावच्या रासायनिक कारखान्यांत असा प्रसंग आल्यास पाणी हाताशी असते, पण त्याचा खरा लाभ पहिल्या काही मिनिटांतच होतो. क्षार आम्लाहून घातक, कारण तो पारपटलात खोल शिरत जातो. सुश्रुतोक्त सेक मिटलेल्या नेत्रावर करावयाचा असतो. येथे मात्र पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची संथ धार किमान १५ ते ३० मिनिटे सोडावी. मध, तूप, दूध, गुलाबजल, त्रिफळा क्वाथ यांपैकी काहीही घालू नये. चिकित्सालयात आलेल्या अशा रुग्णास नावगाव विचारण्यापूर्वी नळाखाली धरावे, त्यानंतर तत्काळ नेत्रशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे आणि पिंपावरील रसायनाचे नाव चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.