चार्ज : एका शब्दाचा भार

मागच्या हिवाळ्यात आमच्या अम्मींचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर टाके बघून गेले आणि जाताना केसपेपरवर दोन ओळी खरडून गेले. आमच्या भाच्याने तो कागद वाचला आणि त्याचा चेहराच उतरला. "मामू, नानीला घरी सोडणार नाहीत. 'नो डिस्चार्ज' लिहिलंय!"

मग काय, घरी फोन गेले. मोठी आपा रडू लागली. कोणी दुसऱ्या डॉक्टरचे नाव सुचवू लागले. शेवटी आम्ही इन्चार्ज सिस्टरला गाठले. तिने कागद बघितला आणि हसली. जखमेतून पू किंवा पाणी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणजे बातमी चांगली होती! दुसऱ्या दिवशी अम्मी घरी आल्या, आणि सोबत आलेल्या कागदाच्या माथ्यावरही 'डिस्चार्ज' असेच लिहिले होते.

गंमत अशी, की ज्या शब्दाने आम्हाला घाबरवले त्याचे मूळ आपण दिवसभर तोंडात घोळवत असतो. मोबाईल चार्जला लाव. नव्या साहेबांनी चार्ज घेतला. मोर्चावर लाठीचार्ज झाला. हॉटेलवाल्याने सर्व्हिस चार्ज लावला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली. या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध?

संबंध आहे तो गाडीचा. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी आणि त्यावरून आलेल्या 'कारिकारे'चा अर्थ गाडीवर माल लादणे. फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता त्याचे 'चार्ज' झाले. आपली 'कार' आणि जहाजावरचा 'कार्गो' हीसुद्धा याच घराण्यातली भावंडे. मूळ अर्थ लक्षात ठेवला, की बाकीचे आपोआप उलगडतात. चार्ज म्हणजे भार आणि डिस्चार्ज म्हणजे तो भार उतरणे, मोकळे होणे. पेशंट दवाखान्यातून मोकळा होतो, तसा पू जखमेतून बाहेर पडतो.

मराठीनेही हाच 'भार' धरून ठेवला आहे. चार्ज घेणे म्हणजे कार्यभार घेणे, इन्चार्ज म्हणजे प्रभारी, सरचार्ज म्हणजे अधिभार आणि मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला चार्ज म्हणजे विद्युत प्रभार. बंदुकीत दारू ठासण्यालाही इंग्रजीत चार्जच म्हणत. 18व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या प्रयोगांबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला, आणि आज तो आपल्या भिंतीवरच्या प्लगपर्यंत पोहोचला.

एक बारीक फरक मात्र भल्याभल्यांना चकवतो. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे जबाबदारी सांभाळणारा. मध्ये छोटासा 'द' घातला आणि 'इन द चार्ज ऑफ' झाले, की अर्थ उलटतो. आता तो दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याच्या देखरेखीखाली आहे. नर्स पहिली, पेशंट दुसरा. सांभाळायला दिलेल्या मुलालाही इंग्रजीत 'माय चार्ज' म्हणतात. आपल्या घरातला 'अमानत' हा शब्द याला किती जवळचा आहे!

पैशाच्या बाबतीत 'फ्री ऑफ चार्ज' सगळ्यांना ठाऊक असते. सर्व्हिस चार्जचे मात्र सांगायला हवे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने तो बिलात आपोआप लावायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. कर वेगळा आणि हा वेगळा, म्हणून बिल वाचूनच पैसे द्यावेत.

पण सर्वात जड चार्ज कोर्टातला. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाचे नाव मारामारीच्या एका प्रकरणात आले. चार्जशीट दाखल झाली आणि ठरत आलेले लग्न मोडले. मुलीकडचे म्हणाले, "चार्ज लागला म्हणजे गुन्हा शाबित झालाच की." असे मुळीच नसते. चार्जशीट हा पोलिसांचा तपास अहवाल आहे, निकाल नव्हे. तो कोर्टात जातो. खटला चालवण्याइतका आधार दिसला तर कोर्ट आरोप निश्चित करते, त्याला 'चार्ज फ्रेम करणे' म्हणतात. त्यानंतर साक्षीपुरावे होतात आणि मग निकाल लागतो. मराठीतही आरोप 'ठेवतात'. ठेवलेले ओझे खाली उतरू शकते.

आधार दिसला नाही तर कोर्ट खटल्याआधीच 'डिस्चार्ज' करते, म्हणजे आरोपी आरोपमुक्त होतो. खटला चालून निर्दोष सुटला तर ते 'अॅक्विटल', आपल्या बोलीत बरी होणे. आणखी एक गोष्ट घरात माहीत असावी. आरोपी कोठडीत असताना 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत 90 दिवसांत, चार्जशीट आली नाही तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. काही खास कायद्यांत ही मुदत वाढू शकते. मागितल्याशिवाय मात्र हा जामीन मिळत नाही, म्हणून वकिलाला तारीख विचारत राहावे.

रचलेल्या खोट्या इल्जामाला इंग्रजीत 'ट्रम्प्ड-अप चार्ज' म्हणतात, आणि तणावाने भरलेल्या वातावरणाला 'चार्ज्ड अॅटमॉस्फिअर'. त्या घराने दोन्ही अनुभवले. मुलगा पुढे डिस्चार्ज झाला. कोर्टाच्या आदेशाची प्रत त्याच्या अब्बांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. मोडलेले स्थळ काही परत आले नाही.