नॉर्थ शोअरच्या वाटा आणि त्या घडवणारे

कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या उत्तरेस, खाडीपलीकडच्या नॉर्थ शोअर या पट्ट्यात सायप्रस, फ्रॉम आणि सीमोर हे तीन डोंगर आहेत. त्यांच्या उतारांवर माउंटन बाइकच्या वाटांचे दाट जाळे पसरले आहे. ते बहुतांशी स्वयंसेवकांनी, स्वतःच्या सुट्ट्या आणि संध्याकाळी खर्चून, गेल्या चार दशकांत उभे केले. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आयुष्यातील मोठा काळ एखाद्या वाटेवर घालवणारी माणसे या भागात निपजली.

त्यांच्या कामाला वळण लावले ते इथल्या निसर्गाने. या डोंगरांवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जंगलात हेमलॉक आणि सीडर वृक्षांच्या मुळांचे जाळे, त्यावर कुजलेल्या पाल्याचा जाड थर, आणि मधूनच ओल्या खडकांचे तीव्र उतार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे मोठी वृक्षतोड झाली. तिच्या काळातील सीडरचे ओंडके जंगलात पडून राहिले होते. सीडरचे गाभ्याचे लाकूड सहसा लवकर कुजत नाही आणि तंतूंच्या दिशेने सरळ चिरले जाते. पुढे वाटा घडवणाऱ्या वाटकऱ्यांना हाच साठा उपयोगी पडला.

माउंटन बाइकिंगचा खेळ १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात आकाराला आला आणि १९८०च्या दशकात नॉर्थ शोअरला पोहोचला. सुरुवातीच्या सायकलस्वारांनी पदभ्रमणाच्या पायवाटा आणि लाकूडतोडीचे जुने रस्ते वापरले. मग काहींनी कुदळ-फावडे उचलून स्वतःच्या वाटा काढल्या. जागेच्या मालकाची परवानगी घेण्याची पद्धत तेव्हा नव्हती. काम गुपचूप चाले, अवजारे झाडीत लपवून ठेवली जात आणि नव्या वाटेचे तोंड बाहेरच्याला दिसू नये म्हणून पाल्याखाली झाकलेले असे.

या पहिल्या पिढीतील सर्वांत परिचित नाव टॉड फिअँडर, अर्थात ‘डिगर’ यांचे. फ्रॉमवरील ‘लेडीज ओन्ली’सह अनेक वाटा त्यांनी घडवल्या. दलदल आणि मुळांचे जंजाळ ओलांडण्यासाठी सीडरच्या दोन लांब ओंडक्यांवर आडव्या पट्ट्या ठोकून बनवलेले शिडीसारखे पूल रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. गरजेपोटी जन्मलेल्या या पुलांनी लवकरच खेळाचे रूप बदलले. पूल उंच आणि अरुंद झाले, झुलत्या फळ्या आल्या, नुसत्या ओंडक्यावरून तोल सांभाळत जाण्याची कसोटी आली. या शैलीचे टोक म्हणजे ‘डेंजरस डॅन’ म्हणून प्रसिद्ध असलेले डॅन कॉवन यांनी बांधलेली ‘फ्लाइंग सर्कस’. फिअँडर यांच्या ‘नॉर्थ शोअर एक्स्ट्रीम’ या चित्रफितींच्या मालिकेने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या वाटा जगभर पोहोचवल्या. २००१ साली युटामधील पहिली रेड बुल रॅम्पेज स्पर्धा जिंकणारे वेड सिमन्स यांनीही नाव कमावले ते याच जंगलात.

प्रसिद्धीबरोबर अडचणी आल्या. जमिनी नगरपालिकेच्या, प्रांतिक उद्यानाच्या, काही खासगी मालकांच्या. हा सारा प्रदेश स्क्वामिश, त्स्लेल-वाउटुथ आणि मस्क्विअम या मूलनिवासी समाजांचा. अपघाताची जबाबदारी कोणाची, झाडांच्या मुळांना इजा होते का, गाळ ओढ्यात जातो का, हे प्रश्न ऐरणीवर आले. वाटा बंद होण्याचे सावट पडल्यावर १९९७ साली सायकलस्वारांनी नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन स्थापन केली. वाटा टिकवायच्या, तर जमीनमालकांशी बोलणे भाग आहे, हे तिने मान्य केले. अनेक जुन्या वाटकऱ्यांना हा बदल रुचला नाही. त्यांचे काम एकट्याचे होते, त्यांच्या मनातली वाट कागदी आराखड्यात बसत नव्हती. दरम्यान काळानेही आपले काम केले. जुने लाकडी पूल कुजले, काही धोकादायक ठरवून पाडले गेले. सायकलींचे सस्पेन्शन सुधारले, तसा स्वारांचा कल उंच, अरुंद पुलांकडून जमिनीवरच्या वेगवान, वळणदार वाटांकडे झुकला.

त्यामुळे कौशल्याचा केंद्रबिंदू लाकडाकडून मातीकडे सरकला. वाटेचा खरा शत्रू पाणी, हे सूत्र ठरले. पाल्याचा वरचा थर पाणी धरून चिखल होतो. म्हणून तो पूर्ण बाजूला करून खालच्या मुरमाड मातीपर्यंत खणावे लागते. चांगली माती सापडली नाही, तर ती जवळच्या खड्ड्यातून काढून बादल्यांनी वाहावी लागते. वाटेला बाहेरच्या बाजूस थोडा उतार देतात आणि अधूनमधून चढ-उतार पालटतात, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता बाजूला पडते. जिथे चाकांचा मार जास्त, तिथे दगड उभे रोवून फरसबंदी केली जाते. हे काम शरद आणि हिवाळ्यात जोमाने चालते, कारण ओली माती घट्ट बसते आणि पावसात पाणी कुठून वाहते ते डोळ्यांनी दिसते. वाट पहिल्यांदा खणायला एक हंगाम पुरतो, पण ती सांभाळायला पुढची सारी वर्षे लागतात. चर तुंबतात, वादळात झाडे आडवी पडतात, मुळे उघडी होतात. वाटकऱ्याचा ध्यास कळतो तो या परत परत येण्यातून.

२०१०च्या दशकात वाट दत्तक योजनेने या ध्यासाला आधार दिला. कंपन्या किंवा गट एका वाटेसाठी पैसे देतात, जाणकार वाटकरी काम आखतो आणि ठरलेल्या दिवशी स्वयंसेवक श्रमदान करतात. नव्या लोकांना हे तंत्र शिकवण्यासाठी प्रशिक्षणही सुरू झाले. परवानगीशिवाय खणणे पुरते थांबले नाही, पण सरकारी जमिनीवर ते नियमबाह्य आहे.

चार दशकांचा हिशेब मांडला, तर पहिल्या पिढीने खेळाला धाडस दिले आणि दुसऱ्या पिढीने त्याला टिकून राहण्याची शिस्त दिली. गुपचूप खणणारा एकांडा आणि आराखडा घेऊन येणारा संघटक यांच्यात मतभेद झाले, तरी दोघांच्या श्रमांवरच आजचे जाळे उभे आहे. कॅनडातीलच व्हिस्लरपासून युरोपापर्यंतच्या बाइक पार्कांनी नॉर्थ शोअरची शैली उचलली. त्या शैलीचा पाया मात्र ज्यांनी घातला, ते बिनपगारी होते, आणि त्या श्रमांची नोंद खेळाच्या इतिहासात विजेत्यांइतकीच ठळक असायला हवी.