चिमणीसारखे दिसणारे सगळेच चिमणी नसते

आरे वसाहतीच्या गवताळ पट्ट्यात एखादा लहान तपकिरी पक्षी दिसला, की विद्यार्थी एकमुखाने सांगतात, 'चिमणी!' त्या एका नावाआड अनेक पक्षी दडलेले असतात. त्यांना ओळखण्यासाठी रंगाबरोबरच शेपटी, भुवई, पाठ, आवाज आणि ऋतू पाहावा, असे आम्ही शिकवतो.

शिंप्याचे डोके तांबूस, पाठ हिरवट आणि शेपटी उभारलेली. राखी वटवट्याची पाठ करडी, पोट फिकट तांबूस. साधा वटवट्या फिकट तपकिरी. त्याची शेपटी लांब, भुवई पांढुरकी. ब्लिथचा बोरू वटवट्या हिवाळी पाहुणा. दाट झुडपातून त्याचा 'चक् चक्' आवाज आधी ऐकू येतो. भर पावसाळ्यात त्याचे नाव वहीत आले, तर नोंद पुन्हा तपासावी.

खेतवाडीत वाढलेल्या सलीम अलींनी बालपणी टिपलेल्या 'चिमणी'च्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, हे विचारायला ते १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या प्रश्नातूनच पुढे पक्षिशास्त्रज्ञ घडला. याच संस्थेचे संवर्धन शिक्षण केंद्र आज आपल्या गोरेगावात आहे.

ही ओळख केवळ हौस नव्हे. झुडपे तोडली गेली, की त्यांतले पक्षीही जातात. पण सर्वांची नोंद 'चिमणी' अशीच असेल, तर काय गमावले हे कळणार कसे? म्हणून खात्री नसेल तेथे विद्यार्थ्यांनी 'अनिश्चित' असे लिहावे, हा आमचा आग्रह आहे.