कुंपण नसलेला मुक्काम

झिम्बाब्वेतलं माना पूल्स हे राष्ट्रीय उद्यान झाम्बेझी नदीच्या काठी आहे. शोना भाषेत ‘माना’ म्हणजे चार. नदीने पात्र बदलताना मागे ठेवलेल्या चार डोहांवरून हे नाव पडलं. दिवसा कनूतून वल्हवत प्राणी पाहायचे आणि रात्री काठावर तंबू ठोकून झोपायचं, अशी इथली सफर असते. तंबूभोवती कुंपण नसतं. ताडोबात जिप्सीतून खाली पाय न ठेवण्याची सवय असलेल्या आपल्याला हा निव्वळ वेडेपणा वाटेल. पण हा प्रकार उभा आहे तो प्राण्यांची दिनचर्या पाठ असण्यावर. मला तर जंगल पाहण्याची ही सगळ्यांत समंजस रीत वाटते.

पाणघोड्याचंच पाहा. त्याच्या कातडीला कडक ऊन सोसत नाही, म्हणून दिवस तो पाण्यात काढतो आणि रात्री चरायला काठावर येतो. बिचकला की खोल पाण्याकडे धावतो. म्हणून कनू उथळ पाण्यातून, एकामागून एक न्यायच्या आणि खोल धार त्याच्यासाठी मोकळी ठेवायची. वाटाड्या अधूनमधून कनूच्या कडेवर वल्हं आपटतो. आवाजाने बुडालेले पाणघोडे डोकी वर काढतात आणि कळप कुठे आहे ते कळतं. तंबू त्यांच्या चरायच्या वाटेवर ठोकायचा नाही. मगरी असतात, म्हणून नदीत उतरायचं नाही. संत्र्यांचा वास हत्तींना ओढून आणतो, म्हणून ती उद्यानात न्यायलाच मनाई आहे. यातला प्रत्येक नियम कुठल्यातरी प्राण्याच्या सवयीतून आलेला आहे. तो पाळता पाळता माणूस जे शिकतो, ते गाडीच्या काचेआडून शिकता येत नाही.

एक चूक जिवावर बेतू शकते, हा आक्षेप खराच आहे. पाणघोड्यांनी आणि मगरींनी माणसं मारलेली आहेत. म्हणूनच परवानाधारक वाटाड्याचा शब्द इथे अखेरचा मानायचा. ज्याला हे जमणार नाही, त्याने गाडीतूनच जंगल पाहावं, त्यात कमीपणा नाही. दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. वरच्या अंगाला १९५९मध्ये करिबा धरण पूर्ण झालं आणि गाळ घेऊन येणारे जुने पूर आटले; मग या नदीला रानटी तरी कसं म्हणायचं? धरणाने नदीचा स्वभाव बदलला, हे नाकारता येणार नाही. पण म्हणून इथली जीवसृष्टी देखावा ठरत नाही. गाळाच्या मैदानावर फेडर्बिया अल्बिडा नावाची बाभळीच्या जातकुळीची झाडं आहेत. बाकीची झाडं कोरड्या हंगामात निष्पर्ण होतात, तेव्हा ही हिरवी असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत शेंगा गाळतात. आतल्या भागातले पाणवठे तेव्हा आटलेले असतात, गवत संपलेलं असतं, आणि हत्ती, रानम्हशी, हरणं नदीकडे सरकतात. काही हत्ती मागच्या दोन पायांवर उभे राहून वरच्या फांद्या ओढतात. मोठी झाडं अजून उभी आहेत. काळजी आहे ती नव्या रोपांची, कारण पूर थांबले आणि कोवळे कोंब चरणारी तोंडं मात्र कमी झालेली नाहीत. १९८४मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला. त्याच दशकाच्या सुरुवातीला इथे आणखी एका जलविद्युत धरणाची योजना होती. ती सोडून दिली नसती, तर हे मैदान पाण्याखाली गेलं असतं. आज त्याच झाडांच्या सावलीत तंबू ठोकतात, आणि शेंगांसाठी हत्तीही तिथेच येतात.