बर्फाच्या गावात कढत पाण्याचं तळं

गाडीच्या नाकातून लोंबकळणारी वायर तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली, अलास्कातल्या फेअरबँक्स गावात, माझ्या ताईच्या दारात. सकाळचे नऊ वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. भावोजींनी गाडीच्या पुढून ती वायर उपसली, गुंडाळली आणि म्हणाले, "झाली गरम. चला, बसा."

रात्रभर गाडी विजेच्या प्लगला लावून ठेवतात तिथे! इंजिनाजवळ एक छोटा हीटर बसवलेला असतो. तो लावला नाही तर उणे तीस-चाळीस अंशांत इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि गाडी जागची हलत नाही. त्या दिवशी उणे अठ्ठावीस होतं. "आज बरं आहे," असं ताई म्हणाली. मी अंगावर सहा कपडे चढवून उभी होते, काय बोलणार?

आम्ही निघालो होतो चेना हॉट स्प्रिंग्जला. म्हणजे चेना नदीच्या खोऱ्यातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांना. फेअरबँक्सपासून साधारण पंचाण्णव किलोमीटर. रस्ता तिथेच संपतो, पुढे नुसते डोंगर. सकाळी जायचं आणि रात्री परत यायचं असा बेत. गाडीच्या डिकीत ब्लँकेटं, फावडं, मेणबत्त्या, काड्यापेटी आणि खाऊचा डबा. मी म्हटलं, "अगं ताई, एका दिवसाला एवढं कशाला?" ती म्हणाली, "वाटेत फोन लागत नाही. गाडी बंद पडली तर हाच आपला संसार."

आणि वाटेत खरंच दुसरं काही नव्हतं. दोन्हीकडे काळी काळी स्प्रूसची झाडं, मध्ये पांढरा रस्ता. एकदा भावोजींनी हळूच ब्रेक लावला. रस्त्याच्या कडेला मूस उभा होता. घोड्याहून उंच, लांब तोंडाचं हरीण म्हणा हवं तर! आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून तो झाडीत गेला. सूर्य उगवला तेव्हा अकरा वाजत आले होते. डिसेंबरात तिथे दिवस पावणेचार तासांचाच असतो.

माझा भाचा बारा वर्षांचा. दोनच वर्षांपूर्वी पुण्याहून तिकडे गेलेला, पण आता थंडीची फुशारकी मारण्यात पटाईत. "मावशी, आमच्या शाळेत उणे एकोणतीसपर्यंत मधल्या सुट्टीत बाहेरच खेळायला सोडतात," त्याने मला तीनदा ऐकवलं. (ते खरं आहे. मी नंतर ताईला विचारलं.)

आता हे झरे सापडले कसे ते सांगते. १९०५ साली रॉबर्ट आणि थॉमस स्वॉन हे दोघे भाऊ त्यांच्या शोधात निघाले. फेअरबँक्सच्या आसपास सोनं सापडल्यामुळे माणसांची झुंबड उडाली होती तो काळ. रॉबर्टचे सांधे संधिवाताने धरले होते. चेनाच्या वरच्या खोऱ्यात कुठेतरी जमिनीतून वाफा निघतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. जे अंतर आम्ही दीड-दोन तासांत कापलं, त्याला त्यांना महिन्याहून जास्त लागला. बिचारा रॉबर्ट! दुखरे गुडघे घेऊन एवढी पायपीट, तीही त्याच गुडघ्यांसाठी.

पण तिथे ज्वालामुखी वगैरे काही नाही हं. पावसाचं आणि बर्फाचं पाणी ग्रॅनाइटच्या भेगांतून खोल खोल झिरपतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. आपल्या वज्रेश्वरीची आणि उन्हवऱ्याची कुंडंही साधारण अशीच तापतात.

पोचल्यावर आधी बर्फाचं संग्रहालय पाहिलं. आणि इथे मी चक्क खुळ्यासारखी उभी राहिले. कारण दार उघडून आत गेलो तर आत उबदार वाटलं! बाहेर उणे अठ्ठावीस आणि आत शून्याच्या जेमतेम चार-पाच अंश खाली. बर्फाचे झुंबर, बर्फाच्या घोड्यांवरून भाले रोखलेले बर्फाचे योद्धे, बर्फाची खाट. हे कोरीवकाम स्टीव्ह आणि हेदर ब्राइस या नवरा-बायकोचं. बर्फ कोरण्याच्या स्पर्धा जगभर जिंकलेलं जोडपं आहे ते.

पहिल्यांदा हे घर बांधलं २००३-०४ च्या हिवाळ्यात. पुढच्या उन्हाळ्यात ते वितळून गेलं! तिकडे उन्हाळ्यात वीस-पंचवीस अंश ऊन असतं. मग पुन्हा बांधलं आणि ते थंड ठेवलं. कशाने ओळखा पाहू? गरम पाण्याने!

भाच्याला हे पटेचना. तुम्हालाही पटणार नाही. पण इंजेक्शनच्या आधी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटतं की नाही? स्पिरिट उडून जाताना तुमच्या कातडीतली उष्णता घेऊन जातं. तिथे स्पिरिटाचं काम अमोनिया करतो. अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. झऱ्याच्या कढत पाण्याने ते मिश्रण तापवलं की अमोनिया वायू होऊन बाहेर पडतो. त्याला गार करून द्रवरूप करायचं आणि मग पुन्हा उडू द्यायचं. उडताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि गारवा तयार होतो. नंतर तो परत पाण्यात शिरतो, की पुन्हा पहिल्यापासून.

विजेचीही तशीच गंमत. झऱ्याचं पाणी साधारण चौऱ्याहत्तर अंश गरम, म्हणजे उकळत नाही. मग टर्बाइन फिरवायला वाफ कुठून आणायची? त्यांनी फ्रीज-एसीत असतो तसला वायू घेतला, आर-१३४-ए. तो शून्याच्या सव्वीस अंश खालीच उकळतो! त्याला चौऱ्याहत्तर अंश म्हणजे धगधगती भट्टीच. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं. २००६ साली दोनशे-दोनशे किलोवॉटची दोन यंत्रं सुरू झाली. त्याआधी सगळी वीज डिझेलवर, आणि ते डिझेल त्याच एकट्या रस्त्याने आणायचं.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग आम्ही तळ्यावर गेलो.

मोठमोठ्या दगडांनी बांधून काढलेलं तळं, वर आभाळ, चहूकडे बर्फ आणि मध्ये वाफाळतं पाणी. काठावर पाटी : अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. भाच्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मुलांसाठी आतल्या बाजूला छपराखाली वेगळा तलाव होता. ताई त्याच्याबरोबर तिकडे गेली. भावोजी आणि मी तळ्यात उतरलो. मला जरा अपराधी वाटलं, पण खोटं कशाला बोलू, पाण्यात शिरल्यावर विसरले! पाच मिनिटांत माझ्या पापण्यांवर पांढरं भुरभुरलं. केस तर झाडूसारखे कडक.

हे केस मी आत जाऊन भाच्याला दाखवले. तिथेच चुकलं. त्याने लगेच डोकं पाण्यात बुडवलं, टॉवेल गुंडाळला आणि "दोन मिनिटं, मावशी!" म्हणत दाराबाहेर पळाला. मी कॅमेरा घेऊन मागे. त्याने केस हातांनी वर ओढून धरले, ते तसेच उभे गोठले. अगदी साळिंदर! आम्ही हसून हसून बेजार. दोनाची पाच-सहा मिनिटं झाली.

आत आल्यावर ताई किंचाळली, "अरे, कान बघ तुझा!"

उजव्या कानाची पाळी मेणासारखी पांढरी पडली होती. "दुखत नाही गं," तो म्हणाला. दुखत नव्हतं हेच वाईट. गारठलेल्या भागाला आधी बधिरपणा येतो, म्हणून कळतच नाही. मी चोळायला हात पुढे केला तर ताईने तो झटकला. चोळायचं नाही! आतली कातडी दुखावते. बर्फ चोळायचा असं जुनी माणसं सांगत, तेही चूक. शेकोटीशीही न्यायचं नाही, कारण बधिर कातडी भाजली तरी समजत नाही. ताईने आपला कोमट तळवा कानावर नुसता धरून ठेवला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणी काही बोलेना. मग पाळी लाल झाली आणि तो ओरडायला लागला, "आग होतेय, आई!" ताईच्या डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली, "होऊ दे. होऊ दे आग."

परतताना तो कानटोपी घालून माझ्या खांद्यावर झोपला. रस्त्यात काळोख, हीटरचा आवाज. चार दिवसांनी पाळीचा पापुद्रा निघाला, एवढ्यावरच भागलं.

घरी पोचल्यावर मी कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. त्यातल्या दुसऱ्याच फोटोत कान पांढरा दिसतोय. त्यानंतर मी आणखी अकरा फोटो काढले होते.