गावातल्या टेनिस कोर्टवर लाईट लावायचीय? आधी खांब कुठे रोवायचा ते ठरवा

एप्रिल-मे महिन्यात बारामती-इंदापूर भागात पारा चाळिशी ओलांडतो. सिमेंटच्या कोर्टवर दुपारी पाय ठेववत नाही. पोरांची शाळा, मोठ्यांना रान नाहीतर कंपनी. उरते फक्त संध्याकाळ, आणि सातला अंधार. नीरेकाठच्या सांगवीसारख्या गावात सार्वजनिक टेनिस कोर्ट झालं, तरी लाईटशिवाय ते जेमतेम एक-दोन तास वापरात राहणार.

बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात टाटा ओपनचे सामने रात्री दिव्यांखाली रंगायचे. गावाला तेवढा झगमगाट नको. पण नियम तेच लागतात.

आपल्याकडे नाईट क्रिकेटची सवय. चार कोपऱ्यांत चार खांब, त्यावर मोठे दिवे, विषय संपला. टेनिसमध्ये हे चालत नाही. सर्व्हिस करताना मान वर करून चेंडू बघावा लागतो. खांब बेसलाईनच्या मागे असेल तर समोरच्या खेळाडूच्या डोळ्यांत थेट उजेड जातो आणि चेंडू दिसेनासा होतो. म्हणून खांब कोर्टाच्या लांब बाजूंना, साईडलाईनच्या बाहेर हवेत. उंची किमान ८ मीटर, जमलं तर १०. खांब बुटका असेल तर दिवा तिरका करावा लागतो, मग उजेड डोळ्यांतही जातो आणि शेजारच्या घरातही.

दुसरी गोष्ट लक्सची. लक्स म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो त्याचं माप. युरोपातल्या मानकानुसार साध्या खेळाला २००, क्लबच्या सामन्यांना ३०० आणि मोठ्या स्पर्धांना ५०० लक्स लागतात. उजेड सगळीकडे सारखाही पडायला हवा, नाहीतर चेंडू अंधारात शिरतो आणि बाहेर येतो. त्यामुळे टेंडरमध्ये नुसते वॅट लिहिण्यात अर्थ नाही. किती लक्स हवेत ते लिहा आणि बिल देण्याआधी रात्री मीटर लावून मोजून घ्या.

आता मुद्दा बिलाचा. समजा २५० वॅटचे आठ एलईडी लावले, तर तासाला २ युनिट. रोज तीन तास धरले तर महिन्याला १८०. जुने हजार वॅटचे मेटल हॅलाईड लावले तर हाच आकडा ७२० होतो. शिवाय लाईट गेली की ते दिवे थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत, दहा-पंधरा मिनिटं बसून राहा. एलईडी लगेच लागतो.

पण १८० युनिटचे पैसे तरी कोण भरणार? २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यातल्या अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली होती. कोर्टाचं वेगळं काही होणार नाही. महिन्याचं बिल कशातून जाणार, हे खांब उभे करण्याआधी ग्रामसभेत ठरलेलं बरं. आणि शेजारच्या शेतीपंपाच्या कनेक्शनवरून वायर ओढायचा मोह टाळा. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार दंडाची आकारणी होते. वर शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, म्हणजे ऐन सेटमध्ये अंधार.

पावसाळ्यात लोखंडी खांबाला पोरं टेकून उभी राहतात. प्रत्येक खांबाला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच. यात काटकसर करायची नाही.

शेवटचा मुद्दा फक्त आपल्या उसाच्या पट्ट्यातला. वळवाचे पहिले पाऊस झाले की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि उजेडाकडे झेपावतात. शेतकरी याच काळात सात ते नऊ प्रकाश सापळे लावतात. कोर्टवर दिवे असले तर त्या दिवसांत तिथे भुंग्यांचा सडा पडणार. तेवढे दिवस खेळ सकाळी हलवा. संध्याकाळी कोर्टच्या कडेला एकच दिवा लावून त्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचं घमेलं ठेवलं, तर शेजारच्या ऊसवाल्यालाही फायदा.