संत्र्याचा रंग आणि कॅमेरा



सौंसर-पांढुर्ण्याच्या या पट्ट्यात संत्र्याचा रंग ही केवळ डोळ्यांना सुखविणारी गोष्ट नव्हे. आंबिया बहाराचे फळ आतून गोड झाले तरी त्याची साल पुष्कळदा हिरवटच राहते. व्यापारी बागेत न येता मोबाइलवर आलेल्या छायाचित्रावरून भाव सांगणार असेल, तर चित्रातली थोडी फसवी हिरवी झाकदेखील शेतकऱ्याला महाग पडते. म्हणून डिजिटल छायाचित्रणात रंग खरा कसा उतरवावा, हा विषय मी आज निवडला आहे.

रंग फळातच असतो असे आपण समजतो. वस्तुतः फळावर पडणारा प्रकाश, त्यातला फळाने परत पाठविलेला भाग आणि तो टिपणारा डोळा किंवा कॅमेरा, या तिघांच्या मेळातून रंग ठरतो. जुन्या तारेच्या दिव्याचा प्रकाश सुमारे २८०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर. दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीतला ७००० च्याही वर, म्हणजे निळसर. झाडाखाली त्यात पानांतून गाळून आलेला हिरवेपणा मिसळतो. आपला मेंदू हा फरक नकळत वजा करतो. कॅमेऱ्याला प्रकाश कोणता ते ठाऊक नसते. तो अंदाज बांधतो.

त्याचा एक जुना अंदाज असा की दृश्यातील सर्व रंगांची सरासरी करडी येते. चौकटभर संत्र्यांचा ढीग असला की तो नारिंगी रंगाला प्रकाशाचा दोष मानतो, निळा वाढवितो आणि फळे निस्तेज होतात. चौकटभर पाने असली तर तो हिरवा कमी करतो, आणि अर्धे पिकलेले फळही तांबूस दिसू लागते. एकाच झाडाची दोन छायाचित्रे अशी परस्परविरुद्ध साक्ष देतात! अलीकडचे कॅमेरे अधिक हुशार झाले आहेत हे खरे. पण अंदाज तो अंदाजच.

उपाय फारसा खर्चाचा नाही. फळ ज्या प्रकाशात आहे त्याच प्रकाशात, त्याच्या शेजारी तटस्थ करडे कार्ड ठेवून छायाचित्र घ्यावे आणि तो करडा रंग प्रमाण धरून ‘व्हाइट बॅलन्स’ ठरवावा. कार्डाऐवजी छपाईचा पांढरा कागद घेण्याचा मोह टाळावा. अशा बहुतेक कागदांत शुभ्रता वाढविणारी द्रव्ये असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतात, आणि त्या आधारावर चित्र पिवळसर होते.

बोरगावला रेमंडची कापडगिरणी आहे. तेथे काम केलेल्या श्रोत्यांना आणखी एक अडचण परिचयाची असेल: ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळणारी दोन कापडे उन्हात नेली की वेगळी दिसतात. कॅमेऱ्याची रंगांची जाणही आपल्या डोळ्यांसारखी नसते. काही काळी कृत्रिम वस्त्रे अवरक्त किरण परावर्तित करतात; डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याच्या गाळणीतून थोडे निसटतात आणि काळा कोट चित्रात तपकिरी-जांभळट होतो. येथे करडे कार्ड उपयोगी पडत नाही. कापडाचा रंग पक्का करावयाचा असेल, तर छायाचित्राबरोबर कापडाचा तुकडाच पाठवावा लागतो.